एका क्रियापदापायी वऱ्हाड

पीएचडीचा अर्ज घरबसल्या भरता येतो, असं संकेतस्थळावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं. माझा अर्ज मात्र मला पुण्याहून उचलून अकोल्याला घेऊन गेला, तिथून अमरावतीला, तिथून धामणगावला. परत आले तेव्हा पिशवीत शेवंतीची फुलं होती, तुरीचे सोले होते आणि आधीच्या निम्म्या लांबीचा एक संशोधन आराखडा होता. ज्यांनी अजून वऱ्हाड पाहिलेलं नाही आणि ज्यांना असले अर्ज भरायचे आहेत, अशा दोन्ही प्रकारच्या वाचकांसाठी हे लिहिते आहे.

समाजशास्त्राच्या पीएचडीला तीन गोष्टी लागतात: गुणपत्रिका, आराखडा आणि दोन शिफारसपत्रं. गुणपत्रिका होती तशी होती, तिचं आता काही करता येणार नव्हतं. एक शिफारसपत्र मी नोकरी करते त्या कचेरीतल्या बाईंनी दिलं होतं. दुसरं हवं होतं वानखडे सरांचं. एम.ए.ला त्यांनीच मला शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर ते वऱ्हाडातल्या हिवरखेडला आपल्या शेतावर राहायला गेले. ईमेल ते उघडत नाहीत. फोन केला तर म्हणाले, "आराखडा वाचल्याबिगर मी सही करत नसतो. कागदावर छापून आन. मी अकोल्याले येऊन राहिलो, बहिणीकडं. तिथंच ये."

पुण्यात वर्गात शिकवताना सर आमच्यासारखंच बोलायचे. निवृत्तीनंतर त्यांची भाषाही गावी परतली होती. मला गंमत वाटली आणि मी तिकीट काढलं.

अर्ज करायची माझी ही दुसरी खेप होती. गेल्या वर्षी मुलाखतीलाही बोलावलं नव्हतं. या वर्षी नाही झालं तर सांगलीला परत यायचं, बी.एड. करायचं आणि तिथल्याच शाळेत लागायचं, असं मी आईला कबूल केलं होतं. अर्जाची मुदत रविवारी संध्याकाळी सहापर्यंत होती.

बुधवार, अकोला

जानेवारीतलं अकोला सकाळी चांगलंच गारठलेलं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. उन्हाळ्यातल्या अकोल्याच्या इतक्या कथा ऐकल्या होत्या की मी स्वेटरही घेतला नव्हता. सरांच्या थोरल्या बहिणीचं, निर्मलाताईंचं, घर शोधेपर्यंत दात वाजायला लागले होते. दार त्यांनीच उघडलं. निवृत्त शिक्षिका, नाकावर चष्मा, हातात अर्धवट सोललेली तुरीची शेंग.

"सर आहेत ना?" मी विचारलं.

"येऊन राहिले. बस."

मी बसले. चहा आला, पोहे आले. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. सर आवरून येत असतील, म्हणून मी पायावर पाय न टाकता शिस्तीत बसून राहिले. अर्धा तास गेला, मग तास. निर्मलाताई समोर बसून शेंगा सोलत होत्या. त्या हिरव्या दाण्यांना त्या सोले म्हणतात. आमच्याकडे सोलं म्हटलं की आमसूल, त्यामुळे "आज सोल्याची भाजी करतो" हे ऐकून मी मनातल्या मनात आंबट तोंड केलं होतं. शेवटी न राहवून मी दबक्या आवाजात विचारलं, "सर उठले का?"

"उठले असतीन की. मले काय माहीत?"

"म्हणजे... ते आत नाहीयेत?"

"आत कोठून येतीन? ते हिवरखेडले हायेत."

"अहो, पण तुम्हीच म्हणालात, येऊन राहिले."

"हाव. येऊन राहिले."

"इथे येऊन राहिले ना?"

"हाव ना, इथंच येऊन राहिले."

"मग आहेत कुठे?"

"हिवरखेडले!"

त्यांना वाटलं असणार, पुण्याची पोर डोक्यानं अधू आहे. मग त्यांच्यातली शिक्षिका जागी झाली. शेंग खाली ठेवून त्या हळूहळू, पहिलीच्या वर्गाला सांगावं तसं म्हणाल्या, "येऊन राहिले म्हंजे काय? म्हंजे, येऊन राहिले!"

याहून सोपं त्यांना करता येईना. शेवटी हातवारे करून उलगडा झाला. आमच्याकडे "येऊन राहिले" म्हणजे आले आणि मुक्कामाला थांबले. वऱ्हाडात "येऊन राहिले" म्हणजे येत आहेत. सर येत होते. शेतावरची मोटर जळाली होती, ती दुरुस्त झाली की उद्या निघणार होते. "जेवून राहिलो", "बोलून राहिलो" असलं वऱ्हाडी मी नकलांतून ऐकलं होतं, हसलेही होते. पण ज्या क्रियापदाचा आमच्याकडेही सरळ अर्थ लागतो, तिथं माझा कान फसला.

दुपारी गोळाभात होता. मऊ भातात बेसनाचे मसालेदार गोळे आणि वरून लसणाची कडकडीत फोडणी. सांगलीकर असल्यामुळे तिखटाचा मला गर्व आहे. तो दुसऱ्या गोळ्याला उतरला. निर्मलाताई पाणी पुढे करत म्हणाल्या, "पाय बरं, अन् म्हनतात का कोल्हापूर-सांगलीकडंच तिखट खातात." मी हसत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तेवढ्यात माझा घास तोंडातच थांबला.

माझ्या आराखड्याचं नाव होतं, "जाऊन राहिलेली पिढी".

स्पर्धा परीक्षांसाठी वऱ्हाडातून पुण्याला आलेल्या मुलामुलींना मी मोबाइलवर एक प्रश्नावली पाठवली होती. कोण कुठे बसून भरतंय, ते मला दिसत नव्हतं. "गावी परतण्याबद्दल काय?" या प्रश्नाला बऱ्याच जणांनी लिहिलं होतं, "गावाले जाऊन राहिलो." त्यावरून मी बारा पानं लिहिली होती. शहर सोडून परतलेले तरुण, गावाची नव्यानं घातलेली घडी, वगैरे वगैरे. त्यात "पुनर्वास" हा शब्दही होता. मला तो फार आवडला होता.

मी हात धुऊन कागद आणले आणि त्या वाक्यावर बोट ठेवलं. "निर्मलाताई, हा मुलगा गावी गेलाय का?"

त्यांनी चष्मा सारखा केला. "नाई व. गेला असता तं 'गेलो' म्हनला असता."

गुरुवार, अकोलाच

सर दुपारी आले. पायात चिखलाळलेल्या चपला, डोक्याला मफलर, खांद्यावर संत्र्यांची पिशवी. पुण्यात इस्त्रीचा शर्ट घालणारे सर हेच का, असं वाटावं असा अवतार. पण आराखडा हातात घेतला आणि नजर तीच, पेन्सिल तीच. नाव वाचून ते थांबले. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. मग खांदे हलायला लागले. चहा बशीत सांडला तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला आणि मोकळेपणी हसले. निर्मलाताईही हसल्या. मग मीही हसले, कारण तिघांत एकटीनंच रडायचं बरं दिसत नाही.

"आराखडा चांगला आहे," डोळे पुसत सर म्हणाले, अगदी वर्गातल्या भाषेत. "बांधणी चांगली, संदर्भ चांगले. फक्त सगळा उलटा आहे."

"मग शिफारस?"

"कशाची करू?"

मुदत रविवारी संपत होती. मी म्हणाले, विषय बदलते, जुना एखादा निबंध वाढवून देते. सरांनी मान हलवली. "हे लिहिनाऱ्या पोराले विचारलं होतं का तू?"

"फॉर्म भरून घेतला होता."

"मग फॉर्मलेच पीएचडी देऊन टाकू."

हे मला लागलं. सरांचं बोलणं पुण्यातही लागायचं, पण तिथे ते "आपण जरा विचार करावा" अशा वेष्टनात यायचं. इथे वेष्टन नव्हतं. मात्र खरं सांगायचं तर इथे लागलेलं लवकर बरंही व्हायचं, कारण पुढच्याच वाक्यात ते संत्रं सोलून हातावर ठेवत होते. "जाऊन राहिलो" लिहिणाऱ्यांपैकी निलेश नावाचा एक जण धामणगाव रेल्वे या गावचा होता. सर म्हणाले, "उद्या मी अमरावतीले जाऊन राहिलो," मग माझ्याकडे पाहून सावकाश, "म्हणजे जा-णा-र आहे. चाल माझ्यासंगं. तिथून धामणगाव जवळ आहे. पोराले भेट, घरच्याईशी बोल. मग लिही. मग मी सही करतो."

मी निलेशला फोन केला. उचलला नाही. थोड्या वेळानं संदेश आला: "ताई घर टेशनाच्या मांगं, फुलवाल्याचं इचारा. मी बी येऊनच राहिलो."

आता मी शहाणी झाले होते. येऊन राहिलो, म्हणजे येतोय. शनिवारी तो घरी असणार.

शुक्रवार, अमरावती

अमरावतीला सरांच्या पुतणीचं साक्षगंध होतं. आमच्याकडे त्याला साखरपुडा म्हणतात आणि तो पन्नास माणसांत उरकतो. इथे मंडप होता, बँड होता आणि मी कोण हे न विचारताच मला नवरीकडच्या ओळीत बसवलं गेलं. कुणीतरी कपाळाला कुंकू लावलं, कुणीतरी ओटीत नारळ घातला. शेजारच्या काकूंनी माझी चौकशी सुरू केली. लग्न झालं का? नाही. कायले? शिकतेय. या वयात? पीएचडी करायची आहे. म्हंजे डॉक्टर? हो, पण औषध देणारी नाही. मग गुडघ्यासाठी काय उपयोग? काहीच नाही. काकूंना माझ्याबद्दल मनापासून वाईट वाटलं.

पुण्यात असं कुणी विचारलं असतं तर मी चिडले असते. तिथे लोक विचारत नाहीत, पाठीमागे अंदाज बांधतात. काकूंनी समोर विचारलं, समोर हळहळ व्यक्त केली आणि विषय संपवून मला गिला वडा खायला घेऊन गेल्या. दह्यात भिजलेला, वरून तिखट-गोड चटणीचा मुगाचा वडा. अमरावतीत येऊन तो न खाता जाणं म्हणजे त्यांच्या मते अपशकुन. गर्दीत बशी डुगडुगत होती, म्हणून काकूंनी माझ्या पिशवीतून डोकावणारे कागद ओढले, घडी घातली आणि बशीखाली धरले. ती "जाऊन राहिलेली पिढी"ची पहिली चार पानं होती. पुनर्वासावर दही सांडलं.

"अव माय, कामाचे होते का?" काकू घाबरल्या.

"नाही, चुकीचेच होते," मी म्हणाले, आणि मला फार हलकं वाटलं.

शनिवार, धामणगाव रेल्वे

बडनेऱ्याहून गाडी पकडली. दोन्ही बाजूंना काळी जमीन, पऱ्हाटीची वाळलेली झाडं आणि त्यांवर राहून गेलेली कापसाची पांढरी बोंडं. धामणगावला उतरून स्टेशनाच्या मागे गेले. फुलवाल्याचं घर विचारायची गरज पडली नाही. वासानंच सापडलं. अर्ध्या एकरात शेवंती, कडेनं झेंडू, आणि ओट्यावर निलेशची आई सुमनकाकू हार ओवत बसली होती. वडील फुलं घेऊन बाजारात गेले होते.

"निलेश आलाय का?" मी विचारलं. "येऊन राहिलो म्हणाला होता."

सुमनकाकू मनापासून हसली. "तुमाले बी तसंच म्हनला? तीन वर्षं झाले बाई, येऊनच राहिला."

मी ओट्यावर बसले. म्हणजे मी अर्थ शिकले होते, तरी अर्थ चुकलाच होता. निलेश पुण्यातच होता, आणि काकूनं सांगितलेल्या पत्त्यावरून तर माझ्या खोलीपासून दोन चौक सोडून असलेल्या अभ्यासिकेत. त्याच्या गावी येण्याची चौकशी करायला मी महाराष्ट्र ओलांडून आले होते.

सुमनकाकूनं माझ्या हातात सुई-दोरा दिला. "बसल्या बसल्या ओवा, हात रिकामे ठू नका." पहिला हार मी इतका सैल ओवला की उचलताच फुलं ओघळली. काकूनं ती पुन्हा माझ्यापुढे सारली. मी प्रश्नावलीतला एकही प्रश्न विचारला नाही. तीच बोलत होती.

"पुन्याले गेला तवा म्हने एक वर्ष. मंग म्हने, पूर्वपरीक्षा निंगाली, आता कसा येऊ? मंग मुख्य राहिली. मंग जागाच निंगाल्या नाई. फोन करतो तवा म्हनतो, माय, मी येऊन राहिलो. मी म्हनतो, ये बापा."

"तुम्हाला राग नाही येत?"

"राग कायचा? तो खोटं नाई बोलत. त्याच्या मनात तो निंगालेलाच असते." तिनं दोऱ्याला गाठ मारली. "पास झाला तं साहेब होऊन येईन. नापास झाला तं वावरात येईन. दोन्हीकून येईनच. मंधात अटकला बिचारा."

मग तिनं मला आतली खोली दाखवली. टेबल, खुर्ची, टेबलावर दिवा. निलेशला आल्यावर अभ्यास करता यावा म्हणून करून ठेवली होती. टेबलावर झेंडूचं बी वाळत घातलेलं होतं. "रिकामं काहून ठेवाचं?" काकू म्हणाली. मला गलबलून आलं आणि ते लपवावंसंही वाटलं नाही. काकूनंच विषय बदलला. "तुमची माय कोठी राहते?"

"सांगलीला."

"लय दूर हाये का?"

"पुण्याहून पाच तास."

"मंग जवळच हाये की," ती म्हणाली आणि भाकरी टाकायला उठली. मला तिथे वांग्याचं भरीत, भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा मिळाला. निघताना शेवंतीचा एक पुडा मला आणि एक डबा निलेशला. डब्यात काय आहे ते काकूनं सांगितलं नाही, फक्त "वाकडा करू नका" एवढं बजावलं.

रविवार, पुन्हा अमरावती

मंडप उतरवत होते. सरांच्या पुतणीच्या खोलीत, भेटवस्तूंच्या डब्यांमध्ये लॅपटॉप ठेवून मी सकाळपासून लिहीत होते. बारा पानांची सहा झाली. पहिलंच वाक्य लिहिलं: हा आराखडा एका चुकीपासून सुरू होतो. मग "जाऊन राहिलो" या शब्दांचे दोन अर्थ, आणि मग तिसरा, जो व्याकरणात नाही पण सुमनकाकूच्या घरात आहे: मनानं निघालेली आणि वर्षानुवर्षं वाटेवर असलेली मुलं. ती शहरात मोजली जातात, गावातही मोजली जातात, पण या वाटेवर त्यांना कुणी मोजत नाही. मला अभ्यास करायचा होता तो या वाटेचा. "पुनर्वास" काढून टाकताना थोडं वाईट वाटलं.

सरांनी उभ्या उभ्या वाचलं. एका ठिकाणी पेन्सिल टेकवली, मग उचलली.

"आता हे सरळ झालं," ते म्हणाले. पुतणीनं त्यांना शिफारसपत्राचं पान उघडून दिलं. ते टंकत असताना मी नियमाप्रमाणे बाहेर गेले, पण सरांना लिहिताना मोठ्यानं वाचायची सवय आहे. अख्ख्या मंडपानं ऐकलं: "या विद्यार्थिनीकडून चुका होतात. चूक झाल्याचं कळल्यावर ती प्रत्यक्ष विचारायला जाते. मला एवढं पुरेसं वाटतं." चारच्या सुमारास अर्ज गेला. बँडवाल्यांना कुणीतरी सांगितलं की बाईचं काहीतरी काम झालं, तर त्यांनी सामान बांधता बांधता दोन मिनिटं वाजवून दाखवलं.

नंतर, पुणे

निलेशला डबा दिला. अभ्यासिकेच्या पायऱ्यांवर त्यानं तो उघडला. रोडगे होते, निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे, तुपात माखलेले. त्याला आराखडा वाचायला दिला, कारण त्याच्या आईचे शब्द त्यात होते आणि त्याचेही. त्यानं सावकाश वाचला, एक रोडगा मला दिला आणि म्हणाला, "राहू द्या ताई. खरंच हाये."

मुलाखतीला पाच जण समोर होते. एका बाईंनी विचारलं, "पण तुम्हाला वऱ्हाडी येते का?" मी म्हणाले, "शिकून राहिली." त्या हसल्या. दोन आठवड्यांनी यादी लागली. माझं नाव खालून दुसरं होतं, पण होतं. मी तीन वेळा खात्री करून घेतली आणि सांगलीला फोन लावला.

आई फार खूश झाली. शेजारच्यांना हाक मारून सांगितलं, मला ते फोनवर ऐकू येत होतं. मग म्हणाली, "म्हणजे आता बी.एड. नाही."

"नाही."

"बरं झालं, तुझ्या मनासारखं झालं." जरा थांबून, "मग येतेस कधी?"

"येते गं."

"बरं," आई म्हणाली. मी फोन ठेवला, आणि किती महिने मी तिला हेच एक उत्तर देतेय ते आठवू लागले. आठवून मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारगेटवरून मी पहिली एसटी धरली. दुपारी दाराची कडी वाजवली तेव्हा आई जेवायला बसत होती. दारात मला पाहून ती एकदम रागावली.

"कळवायचं तरी! भात एकटीपुरता टाकलाय."

"कळवलं असतं तर तू वाट बघत बसली असतीस."

"वाट मी रोजच बघते," आई म्हणाली. "मी भाताचं सांगतेय."